राहून गेलेले बेसांव

स्विंडन,
मे महिना सरता सरता

कुंपार रुझार यास,

गोव्यातल्या चिंचणीचा शिंपी मेस्त कायतान, हल्ली मुक्काम स्विंडन, याचा जिवाभावाचा नमस्कार. देवाच्या दयेने आणि एस्पेरांसच्या देखरेखीने माझी प्रकृती ठीक आहे. तुझीही तशीच असो असे लिहिणार होतो, पण सेबीबायच्या देखरेखीला तू किती जुमानतोस ते ठाऊक असल्याने नुसती आशा करतो. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची चौकशी करत नाही. डाव्याचे तू सोंग करतोस हे गेल्या सांजांवच्या सणाला तू विहिरीत उडी मारलीस तेव्हाच समजले.) डुकरीण व्याली का? पिल्ले किती? आणि आमच्या फणसाची जी फांदी तू चार वर्षांपूर्वी न विचारता कापलीस, तिच्या जागी यंदा फुटवा आला का? हा शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नाही. पण त्याच्याकडे मी सावकाश येणार आहे, कारण घाईत घातलेला टाका उसवतो.

तू म्हणशील, आमची पोर लुर्दीन रविवारी फोन लावून देते, मग हे पत्र कशाला? त्याचे कारण तुझा फोन. तो तू कानाला लावत नाहीस. टेबलावर ठेवतोस आणि अजून जहाजाच्या इंजिनखोलीत असल्यासारखा त्याच्यावर ओरडतोस. माझा आवाजही त्यातून असा बाहेर पडतो की मी इथे काय जेवलो ते तिठ्यावरच्या पावाच्या दुकानात आधी कळते आणि सेबीबायला नंतर. काही गोष्टी तिठ्यावर कळण्याजोग्या नसतात. शिवाय मी तपशिलाचा माणूस. मला कोणी शिकवलेले नाही. मेलेल्या काकाचा, तियूचा, कोट उसवून, एकेक तुकडा जमिनीवर मांडून मी कोट शिवायला शिकलो, आणि हकीकतही मी तशीच सांगतो, एकही तुकडा न हरवता. फोनवर तू मधेच "बरं बरं, पुढे?" म्हणतोस.

तर सुरुवात निघायच्या सकाळपासून. तू आमच्या अंगणाबाहेर, रस्त्यावर, त्या फणसाच्या आडोशाला उभा होतास (अंगणात पाय ठेवायची तुला मनाई, हे मला मान्य आहे), त्यामुळे तुला दिसले असेल, ऐकू आले नसेल. बॅगा गाडीत चढल्या. मांय बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर बसून चिंच सोलत होती. मी कोट सावरून आशीर्वादासाठी तिच्यापुढे वाकलो आणि म्हणालो, "मांय, बेसांव दी."

तिने वर पाहिले नाही. "आमोरी झाली?"

"मांय, आत्ता सकाळ आहे. संध्याकाळची प्रार्थना आत्ता कुठली?"

"तेच म्हणते मी. सकाळी बेसांव मागणारा मी जन्मात पाहिला नाही. इगर्जीची घंटा होऊ दे, आमोरी म्हण, मग ये. देते."

"घंटा होईल तेव्हा मी समुद्रावर असेन, मांय. विमानात."

"मग? विमान मी मागवलंय?"

गाडीचा ड्रायव्हर हसला. माझी मावसबहीण आंजेलीन, जी आता मांयला सोबत म्हणून राहते, तीही पदरात हसली. मी वाकलेलाच. रुझार, माझे वय चोपन्न. लग्न झाले, केस पिकले, एस्पेरांस सात वर्षांपूर्वी लुर्दीनला घेऊन इकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला आली आणि मी दुकान सोडणार नाही म्हणून हटून बसलो. या सगळ्यात एकही संध्याकाळ अशी गेली नाही की आमोरीची घंटा झाली आणि मांयचा हात माझ्या डोक्यावर पडला नाही. ताप असला तरी ती माझ्या खाटेशी यायची. भांडण असले तरी हात पडायचा. तेव्हा जरा जोरात पडायचा, एवढेच. आणि जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जायच्या दिवशी मात्र ती चिंच सोलत राहिली. शेवटी ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि मी तसाच, कोऱ्या डोक्याने गाडीत बसलो. मागे वळून पाहिले तर ती माझ्याकडे बघत नव्हती. चिंचोके एका बाजूला करत होती.

आता माझा शकुनावर विश्वास नाही. स्वतःच्या अकलेवर शिकलेल्या माणसाला तो परवडतही नाही. पण पुढे काय झाले ते तू वाच आणि तूच ठरव.

दाबोळीला विमानतळावर मला तपासणीत अडवले. कोट तोच होता, तू शेवटच्या सफरीवरून लिव्हरपूलचे लोकरी कापड आणले होतेस त्याचा. इतकी वर्षे मी ते डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवले होते. कोटावर सगळी मेहनत घेतली, पण सवयीने डाव्या कॉलरच्या आतल्या बाजूला टाचण्या राहून गेल्या. यंत्र किंचाळले. टाचण्या काढल्या. पुन्हा किंचाळले. खिशात अंगुस्तान. ते काढले, तर त्याच्याबरोबर खडूचा चुरा निघाला. तपासणी करणारी मुलगी चार पावले मागे सरली.

"काका, ही पांढरी पूड कसली?"

"शिंप्याचा खडू आहे, बाय."

"विमानात कशाला लागतो?"

(हा प्रश्न कसा असतो बघ. तुझा गुडघा विमानात कशाला लागतो?) तिने साहेबाला बोलावले. साहेब पूड बोटावर घेऊन हुंगू लागला. मला अन्याय सहन होतो, अज्ञान होत नाही. मी तो खडू घेतला आणि सिद्ध करून दाखवण्यासाठी त्याच्याच बाहीवर, खांद्यापासून मनगटापर्यंत, एक सरळ रेघ ओढली. पट्टीशिवाय. आणि ओढता ओढता म्हणालो की साहेब, तुमची बाही अर्ध्या इंचाने पुढे लागली आहे, म्हणून हात वर करताना तुमचा खांदा दुखत असणार. खांदा दुखत होता! पण हे त्याने नंतर कबूल केले, मला एका खोलीत बराच वेळ बसवून ठेवल्यानंतर. टाचण्या त्यांनी ठेवून घेतल्या. खडूही. मांयचा हात डोक्यावरून फिरला असता तर त्या टाचण्या तिच्या नजरेला नक्की पडल्या असत्या. मोतीबिंदू आहे म्हणते, पण टाचणी तिला अंधारातही दिसते.

विमान म्हणजे, तू जहाजाचा माणूस, तुला काय सांगू, असे जहाज की ज्यात डेक नाही. चार घटका बाहेर जाऊन समुद्राला शिव्या द्याव्या म्हटले तर सोय नाही. निम्मे विमान आपल्या साश्टीचे: वेळ्ळीचे, बाणावलीचे, राय, कुडतरी. वर सामान ठेवायच्या फडताळातून सुक्या बांगड्याचा वास सगळीकडे सारखा पसरलेला. माझ्या शेजारी असोळण्याची पिएदादबाय, पंचाहत्तरीची, हातात रोझरी आणि मांडीवर पिशवी. ही तिची पाचवी फेरी. ताट आले की ती लोण्याच्या वड्या आणि साखरेच्या पुड्या पिशवीत टाकी आणि मला सांगे, "तुझ्याही दे. तू काय करणार त्यांचं?" दिल्या. हवाई सुंदरीच्या झग्याची कड एका बाजूला उतरली होती, ते मी जाता-येता बघत होतो. (एस्पेरांसला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, दहा तास तू फक्त कडच बघत होतास ना? मी म्हणालो, कडच. तिने विश्वास ठेवला. इतकी वर्षे शिंप्याबरोबर काढल्याचा हा फायदा.)

पण माझे सगळे लक्ष होते संध्याकाळकडे. मनात हिशेब असा केला होता की मांयने आमोरीनंतर ये म्हटले आहे. ठीक आहे. मी इथे आमोरी म्हणेन, ती तिथे म्हणेल, आणि ती जो हात हवेत उचलेल तो माझाच समजेन. माझ्या बापाचे, पायचे, जुने घड्याळ मी चिंचणीच्या वेळेवर ठेवले होते. (अजूनही आहे. लुर्दीनने दोनदा काटे फिरवायचा प्रयत्न केला, मी हात धरला.) आणि काय सांगू, संध्याकाळ येईचना! खिडकीबाहेर सूर्य तळलेल्या अंड्यासारखा जागच्या जागी. आम्ही त्याच्या मागे पळत होतो आणि तो आम्हाला मावळून दाखवायला तयार नव्हता. घड्याळात सातला काही क्षण उरले तेव्हा मी पट्टा सोडून उभा राहिलो.

पिएदादबायने माझा कोट खेचला. "काय झालं? पोट बिघडलं?"

"आमोरी."

"खिडकीतून बाहेर बघ. भर उन्हात आमोरी म्हणतोस?"

"चिंचणीची घंटा वाजलीय."

"चिंचणीची घंटा!" ती म्हणाली, "ती तर आमच्या असोळण्याची ऐकून वाजते."

पण बाई आमोरी बसून म्हणणाऱ्यांतली नव्हती. ती पण उठली. आम्हाला बघून मागचा वेळ्ळीचा गडी उठला. त्याला बघून बाणावलीचे अख्खे कुटुंब उठले. आणि मग, रुझार, तुमच्या जहाजावर शिडे उभी राहत असतील तशी एकामागून एक रांग उभी राहत गेली. नेमके त्याच वेळी विमान खड्ड्यात गेले. म्हणजे आकाशात खड्डे असतात, आणि आपल्या पंचायतीच्या रस्त्यापेक्षा खोल असतात. वरचे दिवे पेटले, बसा बसा अशी सूचना झाली. पण आमोरी सुरू झाली होती, आणि सुरू झालेली आमोरी कोणी मधे सोडत नाही. शंभर-दीडशे माणसे उभी, डोलतायत, कपाळाला, छातीला, खांद्याला बोटे लावून खुरीस काढतायत, ओठ हलतायत. पुढच्या रांगेत दिल्लीकडचे एक कुटुंब होते. त्यांनी मागे वळून हे पाहिले आणि त्यांना वाटले की वैमानिकाने जे त्यांना सांगितले नाही ते आम्हाला सांगितले आहे. नवऱ्याने खुर्चीखालचे पिवळे जाकीट ओढून काढले. बायकोने ते मुलाला घातले, दुसरे सासूला घातले, आणि सासू मोठ्याने सुनेची क्षमा मागू लागली. (कशाबद्दल ते कळले नाही. पण सुनेचा चेहरा मी पाहिला. ती क्षमा तिने पुढेमागे वापरायला नीट घडी घालून ठेवलेली आहे.)

हवाई सुंदरी धरत-धरत माझ्यापर्यंत आली, कारण पहिला उभा राहणारा मी. ती काकुळतीने म्हणाली, "अंकल, काय हवंय तुम्हाला?"

"संध्याकाळ," मी म्हणालो. दुसरे काही त्या क्षणी सुचले नाही.

आमोरी संपली. आता नियमाने धाकट्यांनी थोरल्यांपुढे वाकायचे. मुले खुर्च्यांवरून ओणवी झाली, आज्यांनी हात पुढे केले, आणि मी, इतका वेळ उभा, माझ्यापुढे घरचे थोरले कोणीच नाही. शेवटी पिएदादबायपुढे वाकलो. म्हणालो, बेसांव दी. तिने हात उचलला आणि विमान पुन्हा खड्ड्यात गेले. त्यामुळे तो हात रोझरीसकट असा आदळला की त्याला आशीर्वाद म्हणावे की मार, हे माझे मलाच ठरवता आले नाही. मग सगळे बसले. डोके चोळत मी तिला सकाळची हकीकत सांगितली, चिंचेसकट. मला वाटले ती मांयला नावे ठेवील. चिंचणीवर घसरायची अशी संधी असोळण्याचे माणूस सोडत नाही. पण ती रोझरीचे मणी ओढू लागली. मग म्हणाली, "माझं बेसांव विमान टेकेपर्यंतचं. पुढचं तुझ्या मांयकडून घे." आणि मग खिडकीकडे तोंड करून, "शहाणी आहे तुझी मांय. मी माझ्या चौघांना निघताना भरभरून दिलं. चौघंही इकडेच राहिले." मला वाटले म्हातारी झोपेत बोलते आहे. मी पुन्हा सुंदरीच्या कडेकडे लक्ष वळवले.

आता या देशाविषयी. इंग्लंडात पहिला माणूस भेटला तो काचेमागचा अधिकारी. त्याने विचारले, का आलात? मी पाठ करून ठेवलेले विसरलो आणि सरळ म्हणालो की माझी बायको इथे आहे आणि मी तिचा आहे. तो हसला आणि शिक्का मारला. माणूस चांगला, पण त्याच्या कोटाच्या बाहीवर तीन बटणे होती आणि काज एकही नाही. नुसती शोभेची. बटण आहे, काज नाही. रुझार, तेव्हापासून मी बघतो आहे, इथे पुष्कळ गोष्टी अशाच आहेत. छपरावर धुराडी आहेत, धूर नाही. घरापुढे बाक आहे, त्यावर कोणी बसत नाही. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "कसे आहात" विचारतो, आणि आपण सांगायला तोंड उघडेपर्यंत कोपऱ्यावर पोचलेला असतो. पहिल्याच दिवशी मी एकाला माझ्या पित्ताविषयी सांगायला बसथांब्यापर्यंत त्याच्यामागे गेलो. तो बस नसताना बसमध्ये चढल्यासारखा पळाला.

थंडी मात्र खरी. मे महिन्यात तोंडातून वाफ! आणि तो तुझा कोट, जो चिंचणीत घालताच अंगाला आग लागायची, तो इथे असा अंगाला बसला, जणू कधी गेलाच नव्हता. आमच्या दोघांत घरी परत आलेला तेवढाच एक.

पहिल्या संध्याकाळी (म्हणजे घड्याळाने संध्याकाळ, बाहेर लख्ख दुपार) मी एस्पेरांसला विचारले, तुम्ही आमोरी कधी म्हणता?

"सात वाजता."

"पण सूर्य?"

"सूर्याची शिफ्ट वेगळी, माझी वेगळी." आणि तिने उठून खोलीचे पडदे ओढले. इथे संध्याकाळ होत नाही, कुंपार. पडदे ओढून ती करावी लागते. आम्ही तिघांनी आमोरी म्हटली. घंटा नाही, कावळे नाहीत, तुझ्या डुकरांची ओरड नाही. मग लुर्दीन माझ्यापुढे वाकली. नोकरी करणारी पोर, केस कापलेले. म्हणाली, "पाय, बेसांव दी." सात वर्षांनी मागत होती. मी हात ठेवला, रुझार, आणि मला हात हलका वाटला. आपण देतो म्हणजे काय, आदल्या संध्याकाळी मिळालेले पुढे सरकवतो. माझ्याकडे त्या दिवशीचे नव्हतेच. तिला कळले नाही. ती उठून फोन बघू लागली. मी पडदा बाजूला करून उगाच उजेड बघत राहिलो.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. जिन्यावरून घसरलो, घोटा सुजला. एस्पेरांसच्या मैत्रिणीचे जाकीट शिवायला घेतले आणि त्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मी! दोन्ही डाव्या! ते बघून एस्पेरांस हसली नाही. त्याने मी जास्त घाबरलो. आता एका गोदामात कामाला लागलो आहे. तिथे तयार कपड्यांची खोकी येतात आणि आम्ही ती दुसऱ्या खोक्यांत भरतो. हजारो कोट, आणि एकाचेही माप कोणाचे घेतलेले नाही. रोज दुपारी एक छोटी सुट्टी असते. सगळे आत चहा पितात, मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो.

शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा आहे, एकटा. त्याच्या झुडपाची एक फांदी आमच्या बाजूला आली होती. तो दार वाजवून आला, टोपी काढली, आणि परवानगी मागितली की मी तुमच्या बाजूची माझी फांदी कापू का? स्वतःची फांदी, रुझार! स्वतःची! मी तिथल्या तिथे त्याला आत घेऊन चहा दिला आणि तुझी आठवण काढली. ती कोणत्या शब्दांत, ते लिहीत नाही.

मांयशी दोनदा बोललो. आंजेलीनने फोन तिच्या कानाशी धरला होता. मी म्हणालो, मांय, तिकडे घंटा झाली, आता तरी दी. ती म्हणाली, "माझा हात डोक्यावर पडतो, फोनवर नाही. या डबीला बेसांव देऊ? डबीचं भलं होईल, तुझं काय?" दुसऱ्यांदा म्हणाली, "आमोरीनंतर ये म्हटलं होतं ना? मी कुठे नाही म्हटलंय?" आणि फोन आंजेलीनला देऊन माशांना मीठ लावायला गेली.

असो. पत्र लांबले. सेबीबायला नमस्कार, पाद्रीसाहेबांना नमस्कार, उजव्या गुडघ्याला तेल लाव. घोटा आता बरा आहे. इथे सर्व उत्तम आहे, काळजी नसावी.

तुझा कुंपार,
मेस्त कायतान

ता. क. सर्व उत्तम नाही. म्हणून एक काम सांगतो, आणि ते नाही म्हणण्याआधी नीट वाच. लुर्दीनचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू कुठे होतास? तांबड्या समुद्रात. तुझ्या जागी इगर्जीतल्या बोस्त्यांवने तिच्यावर हात ठेवला, तुझ्या नावाने मेणबत्ती धरली, आणि तरी तिचा पाद्रीन, धर्मबाप, तूच, आणि म्हणूनच माझा कुंपारही. बोस्त्यांवला कोणी पाद्रीन म्हणत नाही, त्याला फक्त भोज मिळाले. तेव्हा पाद्रीन जर दुसऱ्याच्या अंगाने होता येते, तर मुलगाही होता आले पाहिजे. एका संध्याकाळी, घंटा झाली की, आमच्या बाल्कांवात जा, मांयपुढे वाक, आणि माझ्या नावाने माझे बेसांव घे. ती चार वर्षे तुझ्याशी बोललेली नाही, हे मला ठाऊक आहे. फणस तिच्या सासूने लावलेला होता, हे तुलाही ठाऊक होते. आधी फणसाबद्दल बोल. टोपी काढून.

दुसरा ता. क. मी म्हणून खपण्याचा प्रयत्न करू नकोस. मोतीबिंदू असला तरी हाताला मोतीबिंदू नाही. माझ्या डोक्यावर केस आहेत, तुझ्या डोक्यावर हात ठेवताच तिला कळेल की हे कलिंगड कोणाचे.

तिसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी एस्पेरांसने पत्र वाचायला मागितले. (मी शुद्धलेखन बघायला दिले. ती भलतेच बघत बसली.) वाचून झाल्यावर तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "तुला इंचाचा आठवा भाग दिसतो आणि हे दिसत नाही?" तिला आंजेलीनने केव्हाच सांगितले होते, मला कोणी सांगितले नाही. मांय वाड्यावर सगळ्यांना एकच सांगते. पाय जहाजावर निघाला त्या संध्याकाळी त्याने माझ्या आजीकडून आमोरीनंतर, गुडघे टेकून, पूर्ण बेसांव घेतले होते. तो तिकडे आफ्रिकेत, मुंबासाच्या मातीत आहे. "ज्यानं सगळं घेतलं तो आला नाही," मांय म्हणते. "कायतानचं राहिलंय. राहिलेलं न्यायला माणूस येतो."

मी कच्च्या टाक्याने गिऱ्हाईकाला दोनदा बोलावणारा माणूस. कच्चा टाका घालून तिने मला बोलावलेले मला ओळखू आले नाही.

म्हणून शेवटचा ता. क., आणि पहिले दोन रद्द. माझे बेसांव घेऊ नकोस. पण जा. फणसाचे बोलून घे आणि मग रोज संध्याकाळी, घंटा झाली की, बाल्कांवाच्या पायरीवर उभा राहून तिला विचार, "कायतानचं बेसांव देता का?" ती तुला काय वाट्टेल ते बोलेल. ते शब्दशः मला कळव. चोरा, दारुड्या, फांदीतोड्या असे काही असेल, ते गाळू नकोस. शेवटी ती म्हणेल, त्याला सांग आमोरीनंतर ये. एवढे वाक्य दर आठवड्याला आले की माझे इथे चालेल. तिकडे घंटा होते तेव्हा इथे अडीच वाजतात आणि आमची सुट्टी असते. मी मागच्या अंगणात टोपी काढून उभा असतो. डोके कोरेच ठेवतो.

आणि रुझार, ज्या संध्याकाळी ती माझी वाट बघणे सोडून, काही न बोलता, शिवी न देता, तुझ्या डोक्यावर हात ठेवील, त्या संध्याकाळी पत्र लिहीत बसू नकोस. फोन कर. टेबलावर ठेवून, ओरडून. तिठ्यावर ऐकू गेले तरी चालेल. मी निघालो असे समज.